एज्राचा दहावा अध्याय

आमच्या दौंडच्या घरात पवित्र शास्त्र गाळून वाचत नाहीत. रोज दिवेलागणीला एक अध्याय, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, आणि संपलं की पुन्हा उत्पत्ती. मध्ये वंशावळ्या येतात, मंदिराची मापं येतात, कुठल्या जनावराचं मांस चालतं आणि कुठल्याचं नाही तेही येतं. लहानपणी मी कुरकुर करायचे, "आबा, एवढं सोडून पुढचं वाचू या की." आबा म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "कंटाळा आला म्हणून इंजनाचा एखादा नट सोडून देऊ का मी?" झालं, यापुढं कुणाचं काय चालणार!

दुसरा नियम नंबरचा. प्रत्येकाचा नंबर ठरलेला आणि ज्याचा नंबर त्यानंच वाचायचं. तो घरी नसेल तर वाचन थांबायचं. माझा धाकटा भाऊ कुरकुंभला केमिकल कंपनीत लागला तेव्हापासून हे फार व्हायला लागलं. तो सेकंड शिफ्टला असला की आबा पानातली खुणेची फीत तिथंच ठेवायचे, नुसती प्रार्थना करायचे, आणि तो घरी सापडला की त्याच्याकडून अध्याय वसूल करून घ्यायचे. प्रार्थना संपली की विचारायचे, "उद्या कुणाचा?" ज्याचा असेल त्यानं "माझा" म्हणायचं. मी लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा माझा नंबर गेला. आई वारली तेव्हा तिचा गेला. मग राहिले तिघं: आबा, भाऊ आणि भावजय.

भावजय केंदूरची, बौद्ध घरातली. कुरकुंभच्या आधी रांजणगावला एका कंपनीत दोघं एकाच लाइनवर होते, तिथं जमलं. कोर्टात लग्न झालं. आबा कित्येक महिने तिच्याशी बोलले नाहीत. बोलणार कसे, परकी ना! मला असला राग यायचा. मी तशी तोंडाळच, एकदा म्हणालेच त्यांना, "आबा, परकी कशानं हो? तिचे पणजोबा आणि तुमचे आजोबा एकाच वेशीबाहेर राहत होते. गाव दोघांनाही आत घेत नव्हतं. आपण एक दार धरलं, त्यांनी नंतर दुसरं धरलं." आबांनी पेपर तोंडासमोर धरला. उत्तर द्यायचं नसलं की त्यांचं हे असं.

मग आई अंथरुणाला खिळली आणि भावजयीनं तिचं सगळं केलं. अंग पुसण्यापासून सगळं. मी रविवारी सकाळचं चर्च आटोपून यायचे, चार गोष्टी सांगायचे आणि संध्याकाळच्या एस्टीनं शिरूरला परत जायचे. ती होती म्हणून आईचे शेवटचे दिवस माणसासारखे गेले. आई गेल्यावर एका संध्याकाळी ती आपली आपण प्रार्थनेला येऊन बसली. बाप्तिस्मा घे असं तिला कुणी म्हणालं नाही, ती अट भावानं लग्नाआधीच घातली होती. बुद्ध पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून केंदूरला जायची, आणि रोज संध्याकाळी आमच्याबरोबर बसायची. आबांनी तिला तिचा वेगळा नंबर दिला. आधी ती बोट ठेवून वाचायची, मग काय विचारता, आमच्या पाळकसाहेबांना लाजवील असा खणखणीत आवाज लागला तिचा.

त्या उन्हाळ्यात रूथचं पुस्तक आलं. छोटंसं आहे, ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. मवाब देशातली ही पोर, परक्या जातीची. नवरा मरतो. सासू आपल्या गावी, बेथलेहेमला निघते, तर ही तिला सोडत नाही. तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, असं म्हणून तिच्याबरोबर जाते. पुढं तिच्याच वंशात दावीद राजा होतो, आणि आमचा येशूही त्याच वंशातला. त्या रविवारी मी दौंडला होते. शेवटचा अध्याय संपल्यावर आबांनी पुस्तक मिटलं, माझ्या भावजयीकडं बोट केलं आणि म्हणाले, "ही आमची रूथ." माझा भाऊ तर हसायलाच लागला, म्हणाला, "आबा, मला मारलंत की मग!" आम्ही सगळे हसलो. भावजय लाजून स्वयंपाकघरात पळाली.

त्या हसण्याची मला भीती वाटते अजून.

थंडीत, उसाचा सीझन सुरू झाल्यावर, माझा भाऊ शिफ्टवरून घरी येताना गेला. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. त्या दिवशी वाचनाचा नंबर त्याचा होता. ड्युटीवर जाताना हेल्मेट घालता घालता तो आबांना म्हणाला होता, "आल्यावर वाचतो." फीत एज्राच्या दहाव्यावर होती.

दफन झालं. चर्चच्या मंडळीतली माणसं घरी येत राहिली, आणि येणारा प्रत्येक जण एकेक वचन घेऊन यायचा. देवानं दिलं, देवानं नेलं. देवाची योजना आपल्याला कळत नाही. एक बाई तर भावजयीला म्हणाली, "देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना शिक्षाही करतो गं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "बाई, चहा पिऊन झाला असेल तर निघा." काहीच बोलला नाही असा एकच माणूस, आमचे गार्डकाका. ते ज्यू, मूळचे अलिबागकडचे, रेल्वेत गार्ड होते. मुलं इस्राएलला गेली, हे मात्र दौंडला राहिले. रोज यायचे, भावजयीच्या समोर खुर्ची ओढून बसायचे आणि तासाभरानं उठून जायचे. मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "आमच्यात दुःखाच्या घरी आधी आपण बोलायचं नसतं. ज्याचं गेलंय ते बोललं तर बोलायचं." ती त्यांच्याशी कधी बोलली नाही. पण ते आले की पदर नीट करून उठून बसायची.

माणसं यायची थांबली तशी एका संध्याकाळी आबांनी शास्त्र काढलं. मी अजून दौंडलाच होते. त्यांनी फितीवर उघडलं आणि मग भावजयीच्या पुढं सरकवलं.

"त्याचा नंबर राहिलाय," ते म्हणाले. "आता तो तुझा. वाच."

आबांना काय म्हणायचं होतं ते मला तिथल्या तिथं कळलं. आमच्या घरात दुसऱ्याचा नंबर कुणी वाचत नाही. आईचा नंबर त्यांनी कुणालाही दिला नव्हता, मलाही नाही. पोराचा नंबर सुनेला देणं म्हणजे, तू आता या घरात पोराच्या जागी, असं सांगणं. आबांना आयुष्यात याच्याहून मायेचं काही बोलता आलेलं नाही. आणि पानावर काय आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. फीत तिथं होती, एवढंच.

तिनं वाचायला सुरुवात केली. मी शिरूरच्या चर्चात संडे स्कूल घेते, मला पहिल्या ओळीलाच आठवलं पुढं काय आहे ते. बंदिवासातून परत आलेले लोक. त्यांनी परक्या जातीच्या बायका केल्यात म्हणून देव कोपलाय, असं सगळे म्हणतात. एक जण उठून सुचवतो की त्या बायका आणि त्यांची पोरं घालवून देऊ. मग सगळे पुरुष चौकात पावसात कुडकुडत बसतात आणि कबूल करतात. मी आबांकडं पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. आयुष्यभर गाळलं नाही तो माणूस आता "पोरी, थांब" कसं म्हणणार? शेजारी माझी भाची, भावाची शाळकरी पोर, आईच्या गुडघ्याला टेकून ऐकत होती. भावजयीचा आवाज एकदाही हलला नाही. ज्यांनी बायका सोडल्या त्या पुरुषांची यादी आहे शेवटी, भलीमोठी. तीसुद्धा तिनं पूर्ण वाचली. त्यातल्या काहींना पोरंही झाली होती, इथं अध्याय संपतो. तिनं पुस्तक आबांच्या पुढं ठेवलं.

आबांनी प्रार्थना केली, रोजची असते तीच. मग सवयीनं विचारलं, "उद्या कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली.

सकाळी तिनं बॅग भरली. "चार दिवस केंदूरला जाऊन येते," म्हणाली. पोरीचं दप्तर, गणवेश, बूट, सगळं बॅगेत. चार दिवसांसाठी कुणी गणवेश नेतं का? आबा ओट्यावर बसले होते. ती पाया पडली. आबांनी डोक्यावर हात ठेवला आणि मूग गिळून बसले.

मी शिरूरला परतले. पुढच्या रविवारी माझ्या वर्गात एका पोरीनं नेमकं विचारलं, "टीचर, जुन्या करारातला देव सारखा का चिडतो? येशू तर चिडत नाही." हा प्रश्न पोरं दर वर्षी विचारतात आणि माझं उत्तर तयार असतं: जुना करार ही सावली, नवा करार हा उजेड. त्या दिवशी ते उत्तर माझ्या तोंडातून निघेना. कारण खोटं आहे ते. रूथ जुन्याच करारात आहे. आणि नव्या करारात सगळं गोड आहे म्हणता? परक्या जातीची कनानी बाई लेकरासाठी रडत आली तेव्हा येशू आधी काय म्हणाला? पोरांची भाकर कुत्र्यांना घालत नाहीत, असं म्हणाला. नंतर त्यानं तिचं ऐकलं, मान्य. पण आधी म्हणाला ना! थोडे पैसे लपवले म्हणून हनन्या आणि त्याची बायको प्रेषितांच्या पायाशी मरून पडले, तेही नव्यातच. मी पोरांना चित्रं रंगवायला दिली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

पाळकसाहेबांना विचारलं. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला नीट बसवून समजावलं. एज्राच्या वेळी मूर्तिपूजेचा धोका होता, रूथनं देवाला स्वीकारलं होतं, म्हणून दोन्हीत विरोध नाही. मी म्हणाले, "साहेब, त्या हाकललेल्या बायकांना कुणी विचारलं का, तुम्ही स्वीकारता का म्हणून?" ते म्हणाले, "तुमचं मन सध्या ठिकाणावर नाही." खरंच नव्हतं. भाऊ पुरून आले होते मी.

दौंडला गेले की गार्डकाकांकडं जायचे. त्यांना म्हणाले, "काका, पुस्तक मूळ तुमचं. तुम्ही सांगा." ते म्हणाले, "आमच्यात जुना-नवा काही नाही गं, आमचं आहे ते एवढंच. त्यात दोन्ही ठेवलंय. रूथचं तर आम्ही दर वर्षी सणाला वाचतो. आणि एज्रालाही फार मानतो. एक खरं म्हणून दुसरं फाडून टाका, असं कुणी म्हणालं नाही."

"मग खरं कुठलं?"

"मी गार्ड होतो, मला काय विचारतेस? हिरवी झेंडी माझ्याच हातात, लालही माझ्याच हातात. कुठली कधी काढायची ते कळलं पाहिजे."

मला उलट रागच आला. झेंड्यांनी माझं काय व्हायचं होतं? माझ्या घरात लाल निघाली होती आणि गाडी केव्हाच गेली होती.

शेवटी मी ती दोन्ही पुस्तकं स्वतः वाचली, एकाला एक लावून. संडे स्कूलसाठी वाचतो तसं नाही, भांडायला बसल्यासारखं. तेव्हा एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. रूथच्या पुस्तकात देव स्वतः एक शब्द बोलत नाही. आणि एज्राच्या त्या दहाव्यातही बोलत नाही. परक्या पोरीला घरात घेतात ती माणसंच, आणि परक्या बायका हाकलून देतात तीही माणसंच. देवाचं नाव दोन्हीकडं आहे, देव दोन्हीकडं गप्प आहे. मला वाटलं होतं हे सापडल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. तो गप्प का बसला, हेच मग डोक्यात बसलं. चौकात पावसात त्या बायका पोरांना घेऊन उभ्या असतील तेव्हा, "थांबा" एवढं तरी म्हणायचं होतं त्यानं.

मग मी आबांना घेऊन केंदूरला गेले. त्यांना म्हणाले, "तुम्ही तोंडानं बोला, मी येते बरोबर." शिक्रापूरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. तिच्या वडिलांनी पाणी दिलं, चहा झाला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती विझलेली. भाची येऊन आबांच्या मांडीवर बसली. भावजय दाराच्या चौकटीला टेकून उभी. आबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पोरीची शाळा बुडतीय. चला."

बस. एवढंच. मी कपाळावर हात मारून घेतला. मीच बोलायला लागले, "अगं, त्यांनी तुला त्याचा नंबर दिला होता गं, त्यांच्या मनात..."

"ठावं हाय ताई," ती म्हणाली. "तवा न्हाई कळलं, मागनं कळलं." मग आबांकडं वळली. रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. "मामा, रूथचं तुम्हीच वाचून दाखवलं व्हतं. तिची सासू तिला म्हनली, जा बाई, म्हायेरी जा, तुजं भलं हू दे. मुका घेतला तिचा आन् मग जा म्हनली. तोंडानं म्हनली. तवा ती चिकटून ऱ्हायली. तुम्ही मला जा बी म्हनला न्हाई आन् ऱ्हा बी म्हनला न्हाई. निसतं पुस्तक म्होरं सारलं. माजं वाचून झाल्याव इतकं तरी म्हनायचं व्हतं, पोरी, ह्ये तुज्यासाठी न्हाई."

आबांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवतच राहिले. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, आबा, आता तरी बोला. ते म्हणाले, "एस्टीची वेळ झाली."

परत येताना इतका संताप होता माझ्या मनात, आणि शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्याचे गुडघे एस्टीच्या हादऱ्यानं एकमेकांवर आपटत होते, ते बघवत नव्हतं.

भावजय आता पुन्हा रांजणगावला जाते, कंपनीची बस शिक्रापूरला मिळते तिला. पोरीचं नाव केंदूरच्या शाळेत घातलंय. आबा एकटे आहेत. शिरूरला चला म्हटलं की पेपर तोंडासमोर धरतात. मी पुन्हा रविवारी जाते, पूर्वीसारखीच. पण शास्त्र उघडलेलं दिसेना. फीत होती तिथंच, एज्रानंतर येणाऱ्या नहेम्याच्या पहिल्या अध्यायावर. मी म्हणाले, "आबा, वाचू का मी?"

"नको," ते म्हणाले. "तिचा नंबर आहे. आल्यावर वाचील."

उन्हाळा आला तरी फीत तिथंच. शेवटी मी भावजयीला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिच्या मागं कंपनीचा भोंगा झाला. मग विचारलं तिनं, "त्या अध्यायात काय हाय?"

मी सांगितलं, "एक माणूस लांब परदेशात असतो. त्याला कळतं, आपल्या गावाची भिंत पडलीय, वेशी जळून गेल्यात. तो खाली बसतो आणि रडतो."

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "माजा नंबर त्यांना दिला म्हनून. मी न्हाई येनार, ताई. वाचा म्हनावं."

रविवारी मी आबांना सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, हातात चष्मा.

"तोंडानं म्हणाली?"

"हो. तोंडानं."

त्यांनी मान हलवली. उठून हातपाय धुतले, शास्त्र काढलं, चष्मा चढवला आणि वाचायला बसले. त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, एकही शब्द न गाळता. तो माणूस खाली बसून रडतो तिथंही ते थांबले नाहीत. अध्याय संपला, प्रार्थना झाली. आमेन म्हणायला मी एकटीच होते. त्यांनी फीत पुढं सरकवली, पुस्तक मिटलं आणि सवयीनं विचारलं, "उद्या कुणाचा?"

मला शिरूरची एस्टी गाठायची होती, माझी पर्स खांद्यावर होती.

"माझाच की," आबा म्हणाले.